फाशीचा दोर आणि पहिले शील

३ फेब्रुवारी २०२० रोजी सकाळी आपल्या वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे, नंदोरी चौकात, एका तरुण प्राध्यापिकेच्या अंगावर पेट्रोल टाकून तिला जाळण्यात आले. आठवडाभर झुंजून १० फेब्रुवारीला तिने नागपुरात प्राण सोडला. बरोबर दोन वर्षांनी, १० फेब्रुवारी २०२२ ला, हिंगणघाटच्या न्यायालयाने आरोपीस दोषी ठरवून जन्मठेप दिली. सरकार पक्षाने फाशी मागितली होती. ती का दिली नाही, असे तेव्हा आपणही विचारले असेल. माझ्याही मनात तो प्रश्न आला, हे लपवीत नाही.

परंतु पंचशील ग्रहण करणाऱ्यांना एवढ्यावर थांबता येत नाही. ३ जून १९४९ रोजी संविधान सभेत फाशीच्या अपिलाची चर्चा चालू असता बाबासाहेबांनी ही शिक्षाच रद्द करण्याच्या बाजूने मत दिले. हा देश अहिंसेला नैतिक आदेश मानतो, तर कायदाही तिला धरून असावा, हा त्यांचा रोख होता. आणि हे धर्मांतराच्या सात वर्षे आधीचे आहे!

आता खैरलांजी घ्या. आपली खरी परीक्षा तेथे आहे. २९ सप्टेंबर २००६ ला भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. भंडाऱ्याच्या न्यायालयाने २००८ मध्ये सहा जणांना फाशी सुनावली. नागपूर खंडपीठाने २०१० मध्ये तिच्या जागी २५ वर्षांचा कारावास दिला. आपण संतापलो, आणि संतापणे योग्यच होते. पण ॲट्रॉसिटी कायदा लागू होत नाही असे तर फाशी देणाऱ्या न्यायालयानेही म्हटले होते. दोर मिळाला तेव्हाही निकालाने जातीकडे बोट दाखविले नव्हते. मग आपला राग फाशी टळल्याचा होता, की जात नाकारल्याचा? मला वाटते, दुसराच अधिक होता.

तथागतांनी अंगुलिमालाला अभय दिले, पण सुटका दिली नाही. भिक्षेला गेला की लोक दगड मारीत, डोके फुटे; हे तुझ्याच कृत्यांचे फळ आहे, ते सोस, असे त्याला सांगण्यात आले. जिवंत होता म्हणून तो सोसू शकला. प्रत्येक कैदी अंगुलिमाल होईल असा भोळा भरवसा मी देत नाही. कोठडीतही माणूस जसाच्या तसा राहू शकतो.

आणि हिंगणघाटच्या त्या मुलीच्या आईला ‘क्षमा करा’ म्हणण्याचा अधिकार मला नाही. तिला मी काहीच विचारीत नाही. आपल्याला विचारतो, कारण शासन फाशी देते ते आपल्या नावाने.