सर्वपित्रीचं एक पान

जालना जिल्ह्यातलं असई माझं माहेर. शेत केळणा नदीच्या काठी. आजोबांच्या नांगराला लागलेला शिशाचा गोळा देवळीत दिव्याशेजारी ठेवलाय. सुपारीएवढा, पण हाताला जड.

२३ सप्टेंबर १८०३ ला इथं शिंद्यांची फौज इंग्रज सेनापती वेलस्लीपुढे मोडली. फौजेचे धनी दौलतराव स्वतः रणात नव्हते. पोरवयात महादजींच्या गादीवर बसलेले, कागलच्या बायजाबाईंवर जीव जडलेला. सर्जेराव घाटग्यांनी लेक दिली ती कारभार हाती घेण्यासाठी. १७९८ मध्ये पुण्यात लग्न लागलं, सासरे दिवाण झाले आणि पैशासाठी पुणेकरांवर जुलूम सुरू झाला. महादजींच्या विधवाही बंड करून उठल्या. अशी आतून पोखरलेली दौलत असईच्या रणात उतरली.

प्रेमाला मी दोष देत नाही. बायजाबाई पुढे मोठ्या कर्तबगार निघाल्या. माझा प्रश्न कर्माचा आहे. ज्याचं कर्म त्याला फळ, असं आई सांगायची. मग इथं पडलेल्या शिपायानं काय केलं होतं? पूर्वजन्मीचं असेल, हे उत्तर मला निर्दयी वाटतं. धन्याच्या मोहाचे भोग चाकरानं भोगले, तर त्याला अन्यायच म्हणावं.

सर्वपित्रीला मी त्या गोळ्यापाशी एक पान वाढते. नाव ठाऊक नाही, म्हणून ‘जेवा बाबा’ एवढंच म्हणते.