रेल्वे कुणावरच विश्वास ठेवत नाही

रेल्वेचा छंद लागलेल्या मुलाला सगळ्यात आधी काय शिकवावं? इंजिनांची नावं शिकवायची गरज नसते. डब्ल्यूएपी-७ प्रवासी गाड्या ओढतं आणि डब्ल्यूएजी-९ मालगाड्या, हे त्याला चौथीतच पाठ असतं. ‘रूळ ओलांडू नका’ हेही शिकवून झालेलं असतं. फलाटावर तो ते इतक्या वेळा ऐकतो की शेवटी ते ऐकू येईनासं होतं.

मला वाटतं, त्याला आधी एक तत्त्व सांगावं. रेल्वे कुणावरच विश्वास ठेवत नाही. यंत्रावर नाही, माणसावर नाही, अनुभवावर तर नाहीच. आणि रेल्वेने माणसाची जी काही काळजी घेतली आहे, ती या अविश्वासातूनच आलेली आहे.

रुळावर गाडी आहे की नाही, हे सिग्नलला कसं कळतं ते पाहा. रुळांच्या एका तुकड्यातून बारीकसा वीजप्रवाह सोडलेला असतो. तो दुसऱ्या टोकाच्या रिलेपर्यंत पोचला, तरच रूळ मोकळा मानायचा. गाडी आली की प्रवाह तिच्या चाकांतून आणि आसांतून मधल्या मध्येच वळतो, रिले सुटतो आणि सिग्नल लाल होतो. विल्यम रॉबिन्सन या अमेरिकी अभियंत्याने १८७२ मध्ये काढलेल्या या युक्तीची खरी गंमत पुढे आहे. वायर तुटली, वीज गेली किंवा रूळच तुटून प्रवाह खंडित झाला, तरी सिग्नल लालच होतो. म्हणजे मोकळा असल्याचा पुरावा मिळेपर्यंत रूळ भरलेलाच आहे, असं धरून चालायचं.

एअर ब्रेकचंही तसंच. आपल्याला वाटतं की हवेचा दाब वाढला की ब्रेक लागत असेल. प्रत्यक्षात इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत गेलेल्या नळीतला दाब ब्रेक सोडवून ठेवतो. गाडी मधून तुटली, नळी फाटली, की दाब उतरतो आणि दोन्ही तुकड्यांचे ब्रेक आपोआप लागतात.

कर्जत आणि लोणावळ्याच्या मधल्या बोरघाटात चढ ३७ मीटरला एक मीटर असा आहे. रेल्वेच्या हिशेबात हा भयंकर उतार. तिथे खाली येणाऱ्या गाडीसाठी ठरावीक ठिकाणी सांधा मुळातच एका चढणाऱ्या आडमार्गाकडे वळवलेला असतो. गाडी ताब्यात आहे याची खात्री पटली, की तिला मुख्य मार्ग मिळतो. नाही पटली, तर ती त्या चढावर जाऊन थांबते. म्हणजे घाट उतरणारी प्रत्येक गाडी आधी संशयित असते.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे बहुतेक गोष्टी सगळं सुरळीत चालेल असं धरून लिहिल्या जातात आणि बिघडलं की मग दुरुस्त होतात. रेल्वेलाही हे शहाणपण सुरुवातीपासून नव्हतं. १२ जून १८८९ रोजी आयर्लंडमध्ये आर्मा इथे सहलीला निघालेली एक गाडी चढावर अडकली. गाडीचे दोन तुकडे केले गेले. तुकडे झाल्याबरोबर मागच्या डब्यांना इंजिनाचा ब्रेक उरला नाही. चाकांमागे दगड लावले होते, ते टिकले नाहीत. डबे उतारावरून मागे धावत सुटले आणि येणाऱ्या गाडीवर आदळले. ८० माणसं गेली, त्यांत कितीतरी लहान मुलं होती. आपोआप लागणारा ब्रेक तेव्हा सतरा वर्षांचा झाला होता, फक्त सक्तीचा नव्हता. त्याच वर्षी ब्रिटनने तो कायद्याने सक्तीचा केला.

आमच्या सोसायटीत एक निवृत्त मोटरमन काका आहेत. लोकल चालवताना मोटरमनला हँडल सतत दाबून धरावं लागतं. हात सुटला की ब्रेक लागतो. मी त्यांना विचारलं, तीस वर्षं गाडी चालवणाऱ्या माणसाला हा अपमान नाही वाटत? काका हसले. म्हणाले, “अपमान कसला रे? मागे दोन-तीन हजार माणसं असतात. मला चक्कर आली तर त्यांनी काय करायचं?”

हे उत्तर मला महत्त्वाचं वाटतं, कारण रुळांच्या कडेला उभं राहून व्हिडिओ काढणारी पोरं नेमकं याच्या उलट बोलतात. “मी सांभाळून उभा असतो.” हे खरंही असेल. पण हे वाक्य रेल्वे काकांकडूनसुद्धा मान्य करत नाही, मग सोळा वर्षांच्या मुलाकडून का करावं?

त्याचे डोळे त्याला फसवणार आहेत. मोठी वस्तू आहे त्यापेक्षा हळू येतेय असं आपल्याला वाटतं, ही गोष्ट हर्शेल लायबोविट्झ या मानसशास्त्रज्ञाने १९८५ मध्ये रेल्वे फाटकांवरच्या अपघातांच्या संदर्भात मांडली. ताशी १०० किलोमीटरने येणारी गाडी दर सेकंदाला सुमारे २८ मीटर अंतर कापते. डबा रुळांच्या बाहेर दोन्ही बाजूंना साधारण पाऊण मीटर आलेला असतो. आणि केबिनमधल्या माणसाकडे सुकाणू नसतं. ब्रेक आणि हॉर्न, एवढंच. कडेला उभा असलेला मुलगा रेलफॅन आहे, की जीव द्यायला आलाय, हे त्याला लांबून कळणार नसतं. त्याने ते काही सेकंद कसे काढले, हे व्हिडिओत दिसत नाही.

इथे एक आक्षेप येतोच, आणि तो रास्त आहे. मग रोज रूळ ओलांडून कामाला जाणाऱ्या बाईलाही आपण हेच सुनवायचं का? कायद्याचं उत्तर सोपं आहे. रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १४७ प्रमाणे तो गुन्हा आहे. पण ज्या रेल्वेने स्वतःच्या मोटरमनचा हात सुटेल हे गृहीत धरलं, तिने कुंपणापलीकडचा दमलेला माणूस लांबच्या पुलाचे जिने चढेल हे मात्र गृहीत धरलं. संशयाचं सगळं शहाणपण कुंपणाशी येऊन संपलं.

ते संपायलाच हवं असं नाही. मुंबईत वडाळ्याजवळ सुमारे पंधरा वर्षांपूर्वी एक प्रयोग झाला. काही स्लीपर पिवळे रंगवले, म्हणजे ती खूण किती वेगाने झाकली जातेय त्यावरून गाडीचा वेग डोळ्यांना कळावा. एका लांबलचक हॉर्नऐवजी दोन छोटे हॉर्न वाजवायला सांगितले. गाडीखाली येणाऱ्या माणसाचा भेदरलेला चेहरा फोटोत दाखवला. माणूस रूळ ओलांडणारच, तर त्याला नीट दिसावं, नीट ऐकू यावं, असा विचार यामागे होता. माणूस चुकेल हे मान्य केलं, की त्याला दोष देऊन मोकळं होता येत नाही.

म्हणून मला ‘चूक कुणाची’ हा प्रश्न अपुरा वाटतो. पूल कुठे बांधायचा हे ज्यांच्या हातात आहे, त्यांनी माणसाच्या शिस्तीवर विसंबू नये. फोन ज्याच्या हातात आहे, त्याने स्वतःच्या सावधपणावर विसंबू नये. दोन्ही जबाबदाऱ्या एकाच वेळी खऱ्या आहेत. एकीकडे बोट दाखवून दुसरी टाळता येत नाही.

संशय म्हणजे हातपाय गाळून बसणं नव्हे, हेही रेल्वेच शिकवते. स्वयंचलित सिग्नल लाल राहिला, तर सामान्य नियम सांगतात: दिवसा एक मिनिट, रात्री दोन मिनिटं थांबा, आणि मग समोर अडथळा दिसला तर थांबता येईल इतक्या संथपणे पुढे चला.

आणि छंद? तो जरूर करावा. पादचारी पुलावरून, पिवळ्या रेषेच्या मागून, खिडकीतल्या जागेवरून. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींनी उभं केलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, तिथे सिग्नल आणि सांधे हाताच्या अंतरावरून बघता येतात. पुढच्या वेळी ‘सिग्नलमधील बिघाडामुळे’ अशी घोषणा झाली आणि अख्खा फलाट वैतागला, तर शेजारच्या मुलाला समजावून सांगा: काहीतरी तुटलंय आणि म्हणूनच सिग्नल लाल झालाय. पुढच्या रुळाबद्दल खात्री नाही, तोवर गाडी सोडणार नाहीत. उशीर होईल, घरी कळवून टाक.