पाठीला माती कुठे आहे?

शर्ट काढ. पाठ फिरव इकडे.

पंधरा दिवस कोल्हापुरात राहून आलास आणि पाठीवर साधं खरचटलेलंसुद्धा नाही. गुडघे कोरे, नखं स्वच्छ. मला वाटलं होतं पोरगं लंगडत येईल, मान आखडलेली असेल. मैदानात पाठीला माती लागू नये म्हणून तालमीत ती रोज लागावी लागते, हे तुला दहा वर्षं सांगतोय. कुठे गेलं ते सगळं?

मोबाइल ठेव बाजूला. गंगावेश, शाहूपुरी, मोतीबाग, पुन्हा तिसऱ्या दिवशी नवी तालीम. खासबागेच्या हौद्यात उभं राहून फोटो! शाहू महाराजांनी ते मैदान 1912 साली उभं केलं ते पैलवानांनी लढावं म्हणून. तालीम म्हणजे फिरून बघायची जागा नव्हे. पाच तालमी बघितल्यास आणि एकाही वस्तादाला तुझं नाव ठाऊक नाही.

शेवटचे आठ दिवस जिथे काढलेस, ती जागा कशावरून निवडलीस? गादी नवी, मशिनं चकाचक, लॉज जवळ. आणि जोड कोण? 74 किलोचा पोरगा! तुझं वजन 86. त्याला रोज दहा वेळा पाडून तू काय मिळवलंस? तुझा डावा पाय पुढे राहतो, एकेरी पट सहज निघतो. कुंडलच्या मैदानात तसाच गेलास. मग कोल्हापुरात पाय ठेवल्या ठेवल्या पहिली चौकशी ही करायची होती, की पट काढण्यात तरबेज, 92 किलोचा गडी कुठल्या तालमीत आहे. त्या दारात जायचं. नारळ ठेवायचा, वस्तादांच्या पाया पडायचं, पहाटे चारला हजर राहून फावड्यानं हौदा खणायचा. दोन-तीन दिवस नुसते जोर-बैठका मारायच्या. वस्ताद आपणहून म्हणतात, ‘ये, धर याला.’ ते ऐकायला तू थांबलासच नाहीस.

पुनवतचे गणपतराव आंदळकर मोतीबागेत गेले आणि तिथलेच झाले. 1960 साली हिंदकेसरी, 1962 साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक, आणि पुढे त्याच तालमीत वस्ताद म्हणून पोरं घडवली. एका हौद्याला आयुष्य दिलं त्या माणसानं. तुला पंधरा दिवस निघाले नाहीत.

गादी हवी होती, हे तुझं मला मान्य आहे. आपल्याकडे गादी नाही म्हणूनच तुला पाठवलं. गोळेश्वरचे खाशाबा जाधव मातीत वाढले. 1948 साली लंडन ऑलिंपिकला गादीवर उतरले आणि सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक आणलं. मधली चार वर्षं काय मेहनत केली असेल त्यांनी! मातीत चितपट होईपर्यंत लढायची सवय आपली. गादीवर तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, मध्ये 30 सेकंद. कडेला पाय बाहेर पडला की गुण गेला. ती कड पायाला कळायला हवी, डोळ्यांनी बघत बसलास तर समोरचा ढकलून देतो. हे शिकायला तुला दमवणारा गडी लागतो. चकाचक मशिनं तुला ते शिकवणार नाहीत.

आणि पैसे? खाशाबांना हेलसिंकीला पाठवायला त्यांच्या कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी राहतं घर गहाण टाकून 7000 रुपये उभे केले होते. तुझ्या बापानं उसाच्या बिलातून तुझा खर्च बाजूला काढला, घराचं पत्र्याचं काम पुढच्या वर्षावर ढकललं. तुझी आई बदाम मोजून डब्यात भरत होती, मी बघत होतो. तो डबा अर्धा भरलेला परत आणलास. थंडाई घोटायचासुद्धा कंटाळा केलास आणि हॉटेलात जेवलास.

मान खाली घालू नकोस, बघ माझ्याकडे. तुझ्या अंगात ताकद आहे, ढाक डावात तुझ्याइतकी देखणी पकड या काठावर कुणाची बसत नाही. म्हणून जीव जळतो. पुसेगावच्या यात्रेतल्या कुस्त्यांना किती दिवस राहिलेत ते मोज.

उद्या पहाटे इथला हौदा तू खणायचास, एकट्यानं. ताक, हळद, तेल मी आणून ठेवतो. सोमवारी पहिल्या एसटीनं परत कोल्हापूर. कुठल्या तालमीत जायचं ते मी सांगेन, सोबत मी येईन आणि वस्तादांच्या हातात तुझा हात देईन. महिनाभर तिथून हलायचं नाही. लॉज नाही, तालमीतच झोपायचं. आईकडून डबा पुन्हा भरून घे.

परत आलास की आधी पाठ दाखव.