त्यागाआधी वाटणी

‘जाताना कोण काय बरोबर नेतो? मागचे मागचे बघून घेतील.’ हे वाक्य आपल्याकडे वैराग्याचे समजले जाते. घर, जागा, दुकान, पेढीतली भागी यांची लेखी व्यवस्था न करता गेलेल्या माणसाबद्दल ‘त्याला कशाचाच मोह नव्हता’ असे कौतुकाने बोलले जाते. उलट, वकिलाकडे जाऊन मृत्युपत्र करणारा मनुष्य मात्र शेवटपर्यंत पैशात गुंतलेला ठरतो. हा हिशेब उलटा आहे, असे मला वाटते. ज्याने आपल्यामागची व्यवस्था लावली नाही, त्याने मोह सोडलेला नसतो. तो फक्त मुलाबाळांच्या गळ्यात टाकलेला असतो.

वैराग्याचे उदाहरण म्हणून आपण तुकोबांकडे बोट दाखवतो. त्यांनी कर्जखते इंद्रायणीत बुडवली, ही गोष्ट घरोघरी माहीत आहे. त्याच गोष्टीतला एक तपशील मात्र आपण सहज विसरतो. परंपरा सांगते की धाकट्या भावाने, कान्होबाने, आपल्याला संसार करायचा आहे असे सांगितले, तेव्हा खतांची आधी वाटणी झाली. कान्होबाचा निम्मा वाटा त्याच्या हाती गेला आणि तुकोबांनी बुडवला तो स्वतःचा. सगळीच खते पाण्यात गेली असती, तर ते दुसऱ्याच्या मालावरचे औदार्य झाले असते. आपले कोणते आणि दुसऱ्याचे कोणते हे ठरवल्याशिवाय त्याग करताच येत नाही.

आपले आणि दुसऱ्याचे ठरवण्याच्या या निवाड्याचे शास्त्र आमच्या सोलापूरच्या शेजारीच लिहिले गेले. पूर्वेला, आजच्या बिदर जिल्ह्यात, बसवकल्याण आहे. तेव्हाच्या या कल्याणनगरीत चालुक्य राजा सहाव्या विक्रमादित्याच्या काळात (१०७६–११२६) विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका रचली. मालकी शास्त्रातून येते की लोकव्यवहारातून, असा प्रश्न त्याने उभा केला आणि मालकी लौकिक आहे, असा निर्णय दिला. ज्यांना शास्त्राचा गंधही नाही, ते लोकही खरेदी-विक्री करतात, ‘हे माझे’ म्हणतात, हा त्याचा एक आधार. त्याचे दुसरे मत त्याहून दूरगामी ठरले. वडिलार्जित मालमत्तेत मुलाचा हक्क बापाच्या मृत्यूने नव्हे, तर जन्मानेच उत्पन्न होतो. म्हणजे बाप जिला ‘माझी इस्टेट’ म्हणतो, तिच्यात आधीपासूनच दुसऱ्यांचे वाटे असतात. विज्ञानेश्वराने हा जन्मसिद्ध हक्क मुलींना दिला नव्हता. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने तो दिला आणि दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. माहेर तुटेल या धास्तीने बहिणीने हक्कसोडपत्रावर सही केली, तर कागदावर तो त्याग दिसतो. पण तुकोबांच्या कसोटीला तो उतरत नाही, कारण तिचा वाटा आधी तिच्या हाती आलेलाच नसतो.

खुद्द सोलापुरात आधी व्यवस्था लावून मग त्याग करण्याचे उजळ उदाहरण आहे. ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी बरीच वर्षे संसारापासून अलिप्त राहून धर्मकार्यात रमले होते. मोह सुटला म्हणून त्यांनी संपत्ती वाऱ्यावर सोडली नाही. १९४१ मध्ये नाशिकजवळच्या गजपंथ क्षेत्री त्यांनी जैन विद्वानांची सभा बोलावली, तिच्यातून जैन संस्कृती संरक्षक संघ उभा राहिला आणि त्यासाठी त्यांनी तीस हजार रुपये दिले. १९४४ मध्ये जवळपास दोन लाखांची आपली सगळी संपत्ती त्यांनी विश्वस्तपत्राने संघाच्या स्वाधीन केली. त्यातूनच जीवराज जैन ग्रंथमाला चालली. १६ जानेवारी १९५७ रोजी त्यांनी समाधिमरणाने देह ठेवला, तेव्हा मागे सोडवायला गाठ उरली नव्हती. आचार्य समंतभद्रांच्या ‘रत्नकरंडक श्रावकाचारा’तही हाच क्रम आहे. अंतकाळी स्नेह, वैर आणि परिग्रह सोडावा, आप्तांना क्षमा करून त्यांची क्षमा मागावी. मालमत्तेच्या गोंधळात घर भांडत ठेवून ही क्षमा मागायची कशी?

यावर पहिला आक्षेप असा की मृत्युपत्र म्हणजे मेल्यानंतरही हुकूम चालवण्याची हौस. काही मृत्युपत्रे तशी असतात, हे खरे. मुलीला वगळण्यासाठी किंवा नावडत्या सुनेला धडा शिकवण्यासाठी लिहिलेला कागद वैराचाच असतो. म्हणून मृत्युपत्र केले की नाही एवढे पाहून भागत नाही. ते मागच्यांना मोकळे करते की बांधते, हे पाहावे लागते. दुसरा आक्षेप व्यवहारी आहे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात मुलगा, मुलगी, विधवा आणि आई यांना समान वाटा आहेच, मग लिहायचे कशाला? कायदा वाटे ठरवतो, पण घराची रचना त्याला ठाऊक नसते. सोलापूरच्या पूर्व भागात एकाच इमारतीत यंत्रमाग आणि राहते घर असते. माग चालवणारा मुलगा एक आणि वारस चार, अशा वेळी समान वाट्यांचा अर्थ माग विकणे असाही होऊ शकतो. भागीदारीच्या करारात वेगळे लिहिले नसेल, तर १९३२ च्या कायद्यानुसार एका भागीदाराच्या मृत्यूने पेढीच विसर्जित होते. ‘नॉमिनी लावलाय’ हे समाधानही अपुरे आहे. नामनिर्देशनाने वारसांचा हक्क संपत नाही, असे शेअर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितले. राहिला मरणाबद्दल बोलणे अभद्र असल्याचा आक्षेप. ज्या धर्मांनी मरणाचे स्मरण हीच साधना मानली, त्यांच्या अनुयायांना तो शोभत नाही.

मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही. साध्या कागदावर सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या पुरतात. अवघड आहे ते त्याआधीचे काम: आपले किती आणि दुसऱ्यांचे किती, हे प्रामाणिकपणे मांडणे. ते जमले की त्यागाला अर्थ येतो. ते न करता ‘मला काही नको’ म्हणणारा विरक्त नव्हे, कामचुकार आहे.