नाताळाचे दिवे आणि नाताळाची पंगत

थंडी पडूं लागली, शेतांत ज्वारी निसवूं लागली, म्हणजे खेड्यापाड्यांतील उपदेशक बंधूंचे प्रश्न सुरू होतात. दिवाळींत लावलेला आकाशकंदील नाताळांत पुन्हां लावावा काय? दारापुढें रांगोळी काढावी काय? शेजारच्या घरून फराळाचें ताट आलें तें घेतलें, हें बरें केलें काय? प्रश्न विचारणारे प्रामाणिक आहेत. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनीं मूर्तिपूजा सोडतांना भाऊबंद सोडले, प्रसंगीं गांवही सोडलें, त्यांना ह्या गोष्टी क्षुल्लक वाटत नाहींत, व आम्हीही त्यांना क्षुल्लक म्हणत नाहीं.

तथापि शंका कोणत्या वस्तूंविषयीं येते हें पाहण्यासारखें आहे. रांगोळीविषयीं येते, परंतु प्लॅस्टिकच्या झाडावर कापसाचा बर्फ पसरतांना कोणालाही येत नाहीं. ज्या गांवांत कोणीं जन्मांत बर्फ पडतांना पाहिला नाहीं, तेथें भर दुपारीं लाल अंगरखा घालून नाताळबाबा घाम पुसत हिंडतो आणि मंडळी आनंदानें टाळ्या वाजविते. त्या बाबाशीं आमचें वैर नाहीं; मुलांच्या हातीं चार गोळ्या पडतात, हें चांगलेंच. पण थंड देशाची चाल आली तर ती ख्रिस्ती, आणि आपल्या अंगणांतली चाल आली तर ती परधर्मी, हा न्याय कोणत्या शास्त्रांतला?

वाचकहो, नाताळाच्या घरांत जी जी वस्तू दिसते ती कोठून तरी आलेलीच आहे. शुभवर्तमानांत प्रभूच्या जन्माची तारीख दिलेली नाहीं. डिसेंबरच्या २५ तारखेचा सर्वांत जुना स्पष्ट उल्लेख रोम येथील ३३६ सालच्या पंचांगवजा नोंदींत सांपडतो. सजविलेलें झाड जर्मन लोकांच्या घरांतलें. १८४८ सालीं लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकांत राणी व्हिक्टोरियाचें कुटुंब अशा झाडाभोंवतीं उभें असल्याचें चित्र छापलें गेलें, तेव्हांपासून तें इंग्रजांच्या घरोघर पसरलें. नाताळबाबाचें मूळ आशिया मायनरमधील मायरा शहराचा बिशप निकोलस. परंतु आज दिसतो त्या गुबगुबीत रूपाला आकार दिला तो बराचसा थॉमस नास्ट ह्या चित्रकारानें, १८६३ पासून अमेरिकन साप्ताहिकांत काढलेल्या चित्रांनीं. आपल्याकडे तर सणाचें नांवसुद्धां उसनें आहे. ‘नाताळ’ हा शब्द पोर्तुगीजांचा.

आणखी एक गोष्ट आमच्या पुष्कळ वाचकांस नवल वाटेल अशी आहे. ज्या अमेरिकन मिशनचे पहिले सेवक १८१३ सालीं मुंबईस उतरले, आणि ज्यानें पुढें १८३१ सालीं अहमदनगरास (आजच्या अहिल्यानगरास) ठाणें केलें, तें मिशन मॅसॅच्युसेट्स प्रांतांतील प्युरिटन परंपरेंतून आलें. त्याच प्रांतांत १६५९ पासून १६८१ पर्यंत नाताळ पाळणाऱ्यास पांच शिलिंग दंड होता! शास्त्रांत ह्या सणाची आज्ञा नाहीं, आणि लोक त्या दिवशीं दारू व जुगार ह्यांत बुडतात, असें त्या भल्या लोकांचें म्हणणें. म्हणजे ज्यांच्याकडून आपणांस शुभवर्तमान मिळालें, त्यांच्या पूर्वजांस नाताळ हीच मुळीं परकी व अशुद्ध चाल वाटत असे. आम्ही हें त्यांची थट्टा करण्यासाठीं सांगत नाहीं. दारूविषयींचें त्यांचें म्हणणें कांहीं गांवांत २५ तारखेच्या रात्रीं फिरून पाहिलें असतां आजही खोटें ठरणार नाहीं.

मग चाल कोठून आली ह्या प्रश्नानें आपला निकाल लागत नाहीं. ६०१ सालीं पोप ग्रेगरीनें इंग्लंडांतील आपल्या सेवकांस कळविलें होतें कीं, तेथील लोकांचीं देवळें पाडूं नका. आंतल्या मूर्ति तेवढ्या काढा, आणि बैल कापून जेवण्याची त्यांची संवय आहे ती देवाचे आभार मानण्याकडे वळवा. आपण पोपांचे सर्व शब्द मानणारे लोक नव्हे. तरी ह्या सल्ल्यांत माणसाची ओळख आहे. आणि इतक्या दूर तरी कशाला जावें? १८९५ सालीं बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनीं अभंग टाकला नाहीं, कीर्तन टाकलें नाहीं. टाळ-मृदंग विठ्ठलाच्या देवळांत वाजतात म्हणून ते मंडळींत वाजूं नयेत असें त्यांनीं मानलें असतें, तर आज खेड्यांतील नाताळाची रात्र किती मुकी झाली असती! रांगोळी व कंदील ह्यांना आम्ही ह्याच मापानें मोजतों. दिवा हा कोणाही एका देवतेचा नोकर नाहीं.

फराळाच्या ताटाची गोष्ट अधिक नाजूक आहे, कारण तेथें मनुष्य समोर उभा असतो. पौलाला हा प्रश्न करिंथ शहरांत पडला होता, व त्यानें तो दोन अंगांनीं सोडविला. समोर वाढलेलें अन्न, चौकशी न करतां, आभार मानून खावें. परंतु हें मूर्तीपुढें ठेवलेलें आहे असें कोणी स्पष्ट सांगितलें, तर सांगणाऱ्याच्या मनाकरितां तें सोडावें. ह्यावरून आम्हांस असें वाटतें कीं, पूजेचा प्रसाद म्हणून हातावर ठेवलेला पदार्थ नम्रपणें नाकारणें योग्य; पण भिंतीपलीकडच्या काकूंनीं झांकून पाठविलेला चिवडा हा प्रसाद नव्हे, ती शेजाराची खूण आहे. ती परत धाडणारा मनुष्य धर्माचें रक्षण करीत नाहीं. तो काकूंचा अपमान करितो. गोव्यांत नाताळाच्या दिवसांत आपल्या करंजीसारख्या नेवऱ्या व दोदोल ताटांत घालून शेजारीं, हिंदु घरींसुद्धां, पाठविण्याची चाल आहे. रोमन बंधूंशीं आमचे मतभेद पुष्कळ. ही चाल मात्र त्यांच्याकडून खुशाल घ्यावी.

आतां, जी गोष्ट कोणी विचारीत नाहीं तिच्याकडे वळूं. कांहीं मंडळ्यांत नाताळाच्या प्रीतिभोजनाला पंगती बसतात, त्यांत पूर्वीच्या एका जातींतून आलेले ख्रिस्ती एका बाजूला आणि दुसऱ्या जातींतून आलेले दुसऱ्या बाजूला, असें अजूनही आमच्या पाहण्यांत येतें. कोणी आज्ञा केलेली नसते. ‘ते त्यांच्या लोकांत बसतात, आम्ही आमच्या,’ इतकेंच सांगण्यांत येतें. कोठें कोठें एकाच मंडळींत स्वयंपाकाचीं भांडीं निरनिराळीं, आणि सोयरिकीचा विषय निघाला कीं सगळेच गप्प. देशाच्या राज्यघटनेनें १९५० सालीं अस्पृश्यता रद्द केली; गव्हाणींत निजलेल्या बाळाच्या वाढदिवसाला मात्र ती आपल्या चटईवर येऊन बसते. कंदिलाविषयीं तीन पत्रें लिहिणाऱ्या उपदेशकानें ह्या पंगतीविषयीं एक ओळही लिहूं नये, ह्याचें आम्हांला दुःख होतें. बाहेरून आंत आलेली, आणि शुभवर्तमानाच्या थेट विरुद्ध असलेली चाल दाखवावी म्हटलें, तर ती रांगोळींत नाहीं. ती ह्या मोकळ्या सोडलेल्या हातभर जागेंत आहे. नव्या कपड्यांसाठीं वर्षभर फिटत नाहीं असें कर्ज काढणें हीही एक तशीच चाल. तिच्याविषयीं पुन्हां केव्हां तरी.

जुन्या लोकांना आठवत असेल, कीं पूर्वी गांवांतील वरच्या आळीला आपल्या हातचें शिजविलेलें चालत नसे म्हणून आपण सणाला कोरडा शिधा पाठवीत असूं. तांदूळ, गूळ, डाळ. चुलीचा स्पर्श झालेलें कांहीं नाहीं. त्यांत आपलें प्रेम होतें, पण आपलें अन्न अपवित्र आहे ही कबुलीही होती. आतां ती कबुली देण्याचें कारण उरलेलें नाहीं. ह्या नाताळीं ताट पाठवावयाचें तर करंज्या आपल्या घरच्या तेलांत तळलेल्या असाव्या, आणि घरच्या मुलीनें त्या स्वतःच्या हातानें नेऊन द्याव्या. ताट परत आलें तर रागावूं नये. पुढल्या वर्षीं पुन्हां पाठवावें. आणि पंगतीचें म्हणाल, तर मंडळीच्या वडिलांनीं पानें मांडण्यापूर्वींच उठावें, एकानें दुसऱ्या बाजूच्या म्हाताऱ्याचा हात धरून त्याला आपल्याशेजारीं बसवावें, आणि पाळकानें प्रार्थना त्यानंतर सुरू करावी.