श्वासाला अट कसली?

माणूस बुडत असला तर त्याला आधी काठावर ओढावे, तो पाण्यात उतरलाच का हे मागाहून विचारावे. एवढे शहाणपण आपल्याकडे गुराख्याच्या पोरालाही असते. त्यात वाद नाही. परंतु हाच माणूस पाण्यात न बुडता नशेत बुडाला असेल, दंडात सुई टोचून घेऊन रस्त्याच्या कडेला निपचित पडला असेल, तर तेथे मात्र आपली पावले अडखळतात. “स्वतःच्या हातानं करून घेतलंय, आता भोगू दे,” असे उद्गार चांगल्या चांगल्या, भल्या माणसांच्या तोंडून निघतात. असे म्हणणारा दुष्ट असतो असे नव्हे. व्यसनापायी घरे कशी बसतात ते त्याने डोळ्यांनी पाहिलेले असते. तेव्हा प्रश्न असा की, व्यसनी माणसाचा जीव वाचविणे आणि व्यसनाला पाठबळ देणे या दोन गोष्टी एकच आहेत की वेगळ्या? आणि वेगळ्या असतील तर मधली रेघ कोठे ओढावयाची?

प्रथम हे मरण येते कसे ते पाहू. कारण ज्याला मरणाची रीत ठाऊक नाही त्याला ते टाळण्याची रीत सांगून काय उपयोग? अफू, अफूपासून काढलेले मॉर्फीन, त्यापासून केलेले हेरॉइन व गर्द, आणि अलीकडे कारखान्यात नुसत्या रसायनांपासून बनविलेले फेंटानिल, ही सारी एकाच घराण्यातली द्रव्ये आहेत. आपण झोपेत असताही श्वास चालू राहतो, तो मेंदूच्या देठाशी असलेल्या केंद्राच्या हुकुमाने. ही द्रव्ये वेदना शमवितात, सुख देतात, आणि प्रमाणाबाहेर गेली की त्या हुकूम देणाऱ्यालाच झोपवितात. माणूस तडफडत नाही, ओरडत नाही. तो श्वास घेण्याचे विसरतो. बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, ओठ व नखे निळसर पडतात, घशातून घोरल्यासारखा घरघर आवाज येतो. बघणाऱ्याला वाटते, “झोपलाय, झोपू दे, उतरेल सकाळपर्यंत.” ती सकाळ त्याला दिसत नाही.

या मरणावर उतारा आहे. त्याचे नाव नॅलोक्सोन. अमेरिकेत जॅक फिशमन व मोझेस लेवेनस्टीन यांनी १९६१ साली त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९७१ साली तेथील सरकारने औषध म्हणून त्यास मान्यता दिली. मेंदूतील ज्या जागांवर अफूजन्य द्रव्य ठाण मांडून बसते, तेथून हे औषध त्याला उठविते आणि स्वतः त्या जागा अडवून बसते. दोन-तीन मिनिटांत श्वास परत येऊ लागतो. जो अफूच्या अंमलाखाली नाही त्याला ते दिले तरी अपाय होत नाही. मात्र त्याचा जोर साधारण अर्धा ते दीड तासच टिकतो. आतले विष त्याहून चिवट असले तर श्वास पुन्हा मंदावतो. म्हणून “उठला, झालं,” असे म्हणून निघून जाता येत नाही; जवळ बसावे लागते.

येथे पहिली शंका निघते. असा उतारा खिशात आला तर व्यसनी माणूस निर्धास्त होणार नाही काय? मरणाचे भय हाच एक लगाम होता, तोही आपण काढून घ्यावयाचा?

शंका रास्त आहे, म्हणून तिचे उत्तर नीट दिले पाहिजे. एक तर हा उतारा काही सुखाचा नाही. तो नशा एका झटक्यात उतरवितो. अंग मोडून येते, ओकाऱ्या होतात, जीव नकोसा होतो. त्याच्या भरवशावर कोणी हौसेने जास्त नशा करील हे संभवत नाही. दुसरे असे की, भयाने व्यसन सुटत असते तर या जगात एकही व्यसनी उरला नसता. आपल्या जोडीदाराला डोळ्यांदेखत मेलेले पाहून त्याच संध्याकाळी पुन्हा सुई घेणारी माणसे आहेत. ज्याला लगाम म्हणावयाचे तो लगाम तुटलेलाच आहे, हेच तर व्यसनाचे लक्षण.

आणि तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. हे मरण सर्वांत जास्त कोणाला गाठते? जो काही दिवस व्यसनापासून दूर राहिला त्याला. रोज घेणाऱ्याचे शरीर सरावलेले असते. तोच माणूस तुरुंगात राहिला, किंवा व्यसनमुक्ती केंद्रातून महिना-दोन महिने निर्व्यसनी होऊन घरी आला, की तो सराव मोडतो. मग एका दुबळ्या क्षणी पाय घसरला आणि त्याने पूर्वीच्याच मापाने घेतले, की तेच माप त्याला मारक ठरते. म्हणजे ज्याने सुटण्याची धडपड केली, त्याच्याच डोक्यावर मरण अधिक घिरट्या घालते. आता सांगा, “भोगू दे” हे वाक्य आपण कोणाला उद्देशून म्हणतो? पुष्कळदा ते सुटू पाहणाऱ्यालाच लागू पडते!

दुसरी शंका याहून अवघड. मरणाऱ्याला वाचवा, हे कबूल. पण काही ठिकाणी व्यसनी लोकांना कोऱ्या सुया देतात, हे कोणते पुण्य? माळ घालून दारू सोडलेली, दुसऱ्यांनाही सोडावयास लावणारी माणसे आपल्यात थोडी नाहीत. त्यांना हे ऐकून धक्का बसणे साहजिक आहे.

परंतु या प्रथेचा उगम पाहावा. १९८४ साली ॲम्स्टरडॅम शहरात तेथील नशेकरी लोकांच्याच संघटनेने जुन्या सुया घेऊन नव्या देण्याचे सुरू केले. कारण होते कावीळ. एकच सुई दहा दंडांतून फिरे आणि तिच्याबरोबर रोग फिरे. पाठोपाठ एड्स आला. आपल्या देशात मणिपुरात हेच घडले. ब्रह्मदेशाच्या सीमेवरून हेरॉइन आले, तरुण पोरे एका सुईने टोचून घेऊ लागली, आणि १९९० च्या सुमारास तो रोग त्यांच्यात वणव्यासारखा पसरला. पुढे तो, जिने जन्मात सुई हातात धरली नाही, अशा त्यांच्या बायकांपर्यंत आणि पोटच्या लेकरांपर्यंत गेला. आता त्या बाईचा अपराध कोणता? कोरी सुई व्यसन देत नाही. व्यसन आधीच आलेले असते. ती एवढेच करते की, एका माणसाच्या चुकीचा दंड दुसऱ्या चार जणांस भरावा लागू नये. निरनिराळ्या देशांत पुष्कळ वर्षे याची पाहणी झाली. सुया दिल्याने व्यसन वाढले असे आढळले नाही. उलट सुई घेण्यास येणाऱ्या माणसाशी रोज दोन शब्द बोलणारे कोणीतरी असते, आणि “मला सोडायचंय हो,” हे वाक्य पहिल्यांदा बहुधा त्याच्याजवळच निघते.

कॅनडातील व्हँकुव्हर शहराने याहून पुढचे पाऊल टाकले. तेथे २००३ साली ‘इनसाइट’ नावाची जागा निघाली. व्यसनी माणूस आपले द्रव्य घेऊन तेथे येई व परिचारिकेच्या देखत घेई. श्वास थांबू लागला तर ती तेथल्या तेथे वाचवी. सरकारने ती बंद करू पाहिली. परंतु २०११ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने ती चालू ठेवण्याच्या बाजूने निकाल दिला. एवढे होऊनही फेंटानिल आले तेव्हा ती आग आवरली नाही. २०१६ साली त्या प्रांताने आणीबाणी जाहीर केली, आणि त्यानंतर त्या एका प्रांतात पंधरा हजारांहून अधिक माणसे विषारी नशेने मेली. २०२३ साली तेथे थोडे द्रव्य जवळ बाळगणे गुन्ह्यातून वगळले. पण बागेत, बसथांब्यावर, इस्पितळात उघड नशा होऊ लागल्याची ओरड झाली, आणि २०२४ च्या मे महिन्यात सार्वजनिक जागी ती मोकळीक मागे घेतली गेली. हे सर्व सांगण्याचे कारण असे की, जीव वाचविण्याची विद्या म्हणजे व्यसनमुक्ती नव्हे. ती फक्त माणसाला उद्यापर्यंत पोचविते. उद्याचे काम उद्या करावेच लागते. आणि शेजाऱ्यांच्या तक्रारीतही तथ्य असते. लेकराबाळांच्या वाटेवर सुया पडू नयेत हे म्हणणे निर्दयपणाचे नाही.

आता घरच्या माणसांचा प्रश्न. ज्या आईची भांडी विकली गेली, ज्या बायकोचे मंगळसूत्र गेले, तिने किती वेळा दार उघडावे? येथे एक भेद ध्यानात घ्यावा. व्यसनी माणसाच्या हातात पैसा देणे निराळे आणि त्याच्या छातीत श्वास भरणे निराळे. पैसा नाकारावा, खोटे बोलून त्याला पाठीशी घालू नये, वेळ पडली तर घराची किल्ली काढून घ्यावी. यात पाप नाही. थकलेल्या आईने “आता नाही” म्हटले तर तिला कोणी बोल लावू नये. परंतु श्वास ही वस्तू या हिशेबात धरता येत नाही. पैसा, विश्वास, घरातली जागा या गोष्टी माणसाने पुन्हा कमवाव्या लागतात. श्वास कमवावा लागत नाही. मेलेल्या माणसाला कोणती अट पाळावयास सांगणार? सुधारणेची पहिली अट जिवंत असणे, ही आहे. रेघ ओढावयाची ती येथे.

शिवाय इतरत्र आपण अशा अटी घालत नाही. तंबाखूने कर्करोग झालेल्याला आपण “तू खाल्लीसच का?” म्हणून दवाखान्याच्या पायरीवरून परत पाठवीत नाही. रस्त्यावरील अपघातग्रस्ताला उचलणाऱ्यास पोलिसांनी त्रास देऊ नये म्हणून २०१९ साली आपल्याकडे मोटार कायद्यात तसे कलम घातले गेले. नशेने पडलेल्याचे सोबती मात्र पोलिसांच्या धाकाने पळतात, आणि तो एकटा मरतो. कॅनडाने २०१७ साली याच कारणासाठी, मदत बोलावणाऱ्यास संरक्षण देणारा कायदा केला. आपल्या १९८५ च्या कायद्यातही, थोड्या द्रव्यासह सापडलेला व्यसनी आपण होऊन उपचार घेईल तर त्यास खटल्यातून सूट देण्याची तरतूद आहे. ती फार थोड्यांना ठाऊक असते.

कोणी म्हणेल, “हे परदेशचे दुखणे, आपल्याला त्याचे काय?” तर २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या केंद्र सरकारच्या पाहणीत अफूजन्य द्रव्ये घेणाऱ्यांची संख्या सुमारे २ कोटी २६ लाख, आणि सुईने नशा करणाऱ्यांची सुमारे साडेआठ लाख दिली आहे. महाराष्ट्राला तर गर्दाची ओळख १९८० नंतरच्या दशकातच झाली. १९८६ साली पुण्यात डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी मुक्तांगण काढले ते त्याच पायी.

म्हणून जाणून ठेवावे. असा कोणी पडलेला दिसला तर मोठ्याने हाक मारावी, छातीच्या हाडावर मुठीची बोटे घासावी. उठला नाही तर १०८ ला फोन करावा. मान मागे करून हनुवटी उचलावी, नाक चिमटीत धरून दर पाच सेकंदांस तोंडाने एक श्वास द्यावा. नॅलोक्सोन मिळाले तर द्यावे. दोन-तीन मिनिटांत गुण न आला तर पुन्हा द्यावे. श्वास आला की कुशीवर निजवावे आणि मदत येईपर्यंत हलू नये. अंगावर गार पाणी ओतणे, मिठाचे पाणी टोचणे असले उपाय करू नयेत.

शेवटी एक गोष्ट सांगून पुरे करतो. नॅलोक्सोन शोधणाऱ्या फिशमन यांचा सावत्र मुलगा २००३ साली हेरॉइनच्याच अतिसेवनाने गेला. उतारा ज्याने शोधला त्याच्याच मुलाला तो वेळेवर मिळाला नाही! औषध जगात असून भागत नाही. ते पडलेल्या माणसाजवळ असावे लागते, आणि ते देणारा हातही तेथे असावा लागतो. तो माणूस त्या श्वासाला पात्र होता की नव्हता, हा निवाडा करण्याचे काम त्या हाताकडे दिलेले नाही.