रंग बदलणारा खरा

रंग बदलणाऱ्यावर विश्वास ठेवू नये, हे आपण लहानपणापासून ऐकतो. सरडा त्यातच बदनाम झाला. नोटांचा न्याय मात्र उलटा. पाचशेची नोट हातात तिरपी करा. ‘भारत’ लिहिलेला हिरवा धागा निळा झाला पाहिजे. नुसत्या शाईने छापलेली नक्कल कशीही धरा, हिरवीच राहते.

असे रंग द्रवस्फटिकांच्या (लिक्विड क्रिस्टलच्या) फिल्ममधूनही येतात. जगात काही सुरक्षा धाग्यांवर ती वापरतात. द्रवस्फटिकांची गोष्ट सुरू होते १८८८ साली. प्रागमध्ये फ्रीडरिश रायनिट्झर या शास्त्रज्ञाने कोलेस्टेरॉलपासून बनवलेला एक पदार्थ तापवला. तो १४५.५ अंशांवर वितळून गढूळ झाला, १७८.५ अंशांवर निवळला आणि निवताना निळा-जांभळा चमकला. रंग कुणी घातलाच नव्हता.

रंग मांडणीत होता. रेणूंचा प्रत्येक थर खालच्या थरापेक्षा किंचित वळलेला. पूर्ण फेरा साधारण साडेतीनशे नॅनोमीटरमध्ये झाला की हिरवा प्रकाश परततो. फेरा आखडला की निळा, सैलावला की तांबडा.

अशी मांडणी स्वतःही करून पाहता येते. औषधाच्या काही गोळ्यांवरच्या मुलाम्यात हायड्रॉक्सिप्रॉपिल सेल्युलोज असतं. त्याची पांढरी भुकटी दोन भाग, पाणी एक भाग. मुरू द्यायचं आणि दोन काचांमध्ये दाबायचं. पांढऱ्या कागदावर ती काच फिकट, गढूळ दिसते. काळ्या कागदावर ठेवली की मोराची मान. काचेतून पार गेलेला उजेड पांढरा कागद परत पाठवतो आणि त्यात रंग बुडतो. काळा कागद तो उजेड गिळून टाकतो. ज्याच्या पाठीशी सगळंच परतवणारा उभा असतो, त्याचं स्वतःचं काही दिसत नाही.

पाणी उडालं की या काचेतला फेरा आखडतो, रंग निळ्याकडे जातो. रंग टिकवायचा असेल तर वेगळे द्रवस्फटिक घेतात आणि अतिनील प्रकाशात त्यांचे रेणू जागच्या जागी बांधून टाकतात. मग हवा-पाण्याचं फारसं भय नाही. तरी फिल्म तिरपी धरली की रंग सरकतोच. बांधली जाते ती मांडणी. रंग मोकळा राहतो.

नोटेची नक्कल करणारं झेरॉक्सचं मशीन समोरून दिसला तेवढाच रंग उचलतं. चूक त्याची नाही. त्याला एकच बाजू दिली आहे. दिसण्याची नक्कल स्वस्त असते. वळण्याची नक्कल करायची तर आतून तसंच घडावं लागतं.

म्हणून माणूस बदलला एवढ्यावरून निकाल देऊ नये. समोर कोण आहे हे बघून बदलणारा निराळा, आणि आतल्या एकाच नियमाने प्रत्येक कोनात वेगळा दिसणारा निराळा. पहिल्याचा पुढचा रंग सांगता येत नाही. दुसऱ्याचा आधीच सांगता येतो. त्याच्या भरवशावर व्यवहार चालतो.